शंभर रुपये लावले तर कोथरूडकर बसमध्ये चढेल का?

पत्र: आमच्या नागरिक मंचाला वाहतुकीविषयी महापालिकेला सूचना पाठवायच्या आहेत. एक सभासद म्हणतात, लंडनसारखं करा. गर्दीच्या वेळी पेठांत शिरणाऱ्या प्रत्येक मोटारीला १०० रुपये लावा, फास्टॅगमधून कापून घ्या, लोक आपोआप मेट्रोत आणि पीएमपीच्या बसमध्ये जातील. दुसरा गट चिडलाय. गाडी घेताना रोड टॅक्स भरला, पेट्रोलवर कर भरतो, आता ही नवी जकात कशाला? टिपण सचिव म्हणून मला लिहायचंय. शुल्कामुळे लोक खरंच बसकडे वळतात का? दुचाकीचं काय करायचं? आणि आम्ही नेमकं मागायचं काय?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

सप्रेम नमस्कार.

शुल्क लावलं की मोटारी कमी होतात, हे आता वादाचं राहिलेलं नाही. त्या मोटारींतली माणसं बसमध्ये येतात का, या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘साधारण निम्मी’ असं आहे, आणि तेही बस आधीपासून रस्त्यावर असेल तर. तुमच्या सभासदांच्या सूचनेत ‘आपोआप’ हा एकच शब्द चुकलाय. पण सगळी गोम त्याच शब्दात आहे.

लंडनने १७ फेब्रुवारी २००३ रोजी मध्यभागातल्या सुमारे २१ चौरस किलोमीटरवर दिवसाला ५ पौंड लावले. शुल्काच्या वेळेत आत येणारी चारचाकी आणि त्याहून मोठी वाहनं १८ टक्क्यांनी घटली, पण खोळंबा ३० टक्क्यांनी कमी झाला. हा फरक टिपणात अवश्य लिहा, कारण विरोधक हमखास विचारतील की पाचातली एक गाडी कमी होऊन असा काय फरक पडणार. रस्ता क्षमतेच्या काठावर चालत असतो तेव्हा शेवटच्या काही गाड्याच रांग वाढवतात. शाळांना सुट्टी लागली की कर्वे रस्ता कसा मोकळा वाटतो ते आठवा. गाड्या काही निम्म्या झालेल्या नसतात.

लंडनने पहिल्याच दिवशी सुमारे ३०० जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या. स्टॉकहोम त्याहून सावध निघालं. त्यांनी ऑगस्ट २००५ मध्ये १९७ नव्या बस आणि १६ नवे मार्ग सुरू केले, आणि शुल्क लावलं ते ३ जानेवारी २००६ ला. मधल्या चार महिन्यांत मोजणी चालूच होती आणि त्यातून निघालेलं उत्तर बसप्रेमींना फारसं आवडणारं नव्हतं: नुसत्या नव्या बस आणून मोटारी जवळजवळ हलल्याच नाहीत. शुल्क लागल्यावर मात्र वेशीवरची, म्हणजे शुल्काच्या हद्दीवरची, वाहतूक २० टक्क्यांच्या आसपास घटली. मोटार सोडलेल्यांतले कामावर जाणारे मुख्यतः सार्वजनिक वाहतुकीकडे गेले. खरेदी, भेटीगाठी, किरकोळ कामं यांच्या फेऱ्या कुठे गेल्या ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. दोन कामं एका फेरीत उरकली गेली, दुसऱ्या भागातलं दुकान गाठलं गेलं, काही फेऱ्या झाल्याच नाहीत. म्हणून ‘गेलेल्या सगळ्या मोटारी बसमध्ये’ असा हिशोब मांडू नका. बस फुकट धावतील आणि तुमचंच टिपण खोटं पडेल.

हिशोब कसा मांडायचा ते दाखवतो. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही मोजून घाला. समजा, गर्दीच्या एका तासात वेस ओलांडून २०,००० मोटारी आत येतात. त्यातल्या २० टक्के, म्हणजे ४,००० कमी झाल्या. निम्म्या सार्वजनिक वाहतुकीकडे वळल्या तर २,००० मोटारींतली माणसं. एका मोटारीत सरासरी १.३ माणूस धरला तर २,६०० जण. सगळेच बसने आले आणि बसमध्ये ६० जण धरले, तर तासाला ४४ जादा फेऱ्या लागतील. एका बसला जाऊन-येऊन ९० मिनिटं लागत असतील तर त्यासाठी ६६ बस हव्यात. बंद पडणाऱ्या आणि दुरुस्तीत असणाऱ्यांसाठी दहा टक्के राखीव धरा, म्हणजे ७३. आता याच मार्गावर बसला स्वतंत्र मार्गिका मिळाली आणि ९० मिनिटांची फेरी ७० मिनिटांत झाली, तर त्याच ४४ फेऱ्यांना ५२ बस पुरतात आणि राखीव धरून ५८. एकही बस विकत न घेता पंधरा बस हाती आल्या. आपण नगर रस्त्यावरची बीआरटी (फक्त बसची) मार्गिका उखडली तेव्हा हे गणित कुणी मांडलं होतं का, हे टिपणात विचारायला हरकत नाही.

आता दुचाकी. पुण्यापुरता हाच खरा प्रश्न आहे, आणि लंडन-स्टॉकहोमची नक्कल इथेच फसेल. त्या दोन्ही शहरांनी मोटारसायकलींना माफी दिली, कारण तिथे त्या मूठभर आहेत. पुण्यात नोंदलेल्या वाहनांत मोठा वाटा दुचाकींचाच आहे. मोटारीला १०० रुपये आणि दुचाकी फुकट असं केलंत तर माणूस मोटारीतून उतरेल, जिन्याखालची ॲक्टिव्हा काढेल आणि त्याच चौकात येऊन उभा राहील. बसकडे तो बघणारसुद्धा नाही, कारण त्याचा हिशोब पक्का असतो. आठ किलोमीटरला स्कूटरचं पेट्रोल साधारण १८-१९ रुपयांचं. पीएमपीचं तिकीट जून २०२५ च्या दरवाढीनंतर पाच किलोमीटरपर्यंत १० आणि पुढे दहापर्यंत २० रुपये. मागे कुणी बसलं की स्कूटरचा माणशी खर्च निम्मा, बसचा मात्र तेवढाच. शिवाय स्कूटरची वाट बघावी लागत नाही.

सिंगापूरमध्येही मोटारसायकली बऱ्याच आहेत. तिथे त्यांना मोटारीच्या निम्मं शुल्क पडतं. आमचं मत असं की पुण्यात एक-तृतीयांशाने सुरुवात करावी. दुचाकीला सरसकट माफी मागणारं टिपण लोकांना आवडेल खरं, पण त्याने कोंडी सुटणार नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा. दुचाकीवर येणारा माणूस बहुतेक वेळा मोटारवाल्यापेक्षा कमी कमावतो. त्याच्यावर शुल्क लावायचं तर त्याच मार्गावर, त्याच वेळेत, दहा मिनिटांच्या आत येणारी बस आधी हवी. ती नसेल तर दुचाकीला हात लावू नका. आणि दुचाकीला हात लावायचा नसेल तर कोंडीशुल्क तूर्त बाजूला ठेवा. मधला मार्ग आम्हाला दिसत नाही.

रिक्षा आणि ॲपवरच्या टॅक्सीचाही एक ओळीत निकाल लावून टाका. लंडनने भाड्याच्या खासगी गाड्यांना माफी दिली, ती एप्रिल २०१९ पर्यंत चालू ठेवली, आणि रिकाम्या झालेल्या रस्त्यावर त्याच गाड्या भरत गेल्या. न्यूयॉर्कने जानेवारी २०२५ मध्ये शुल्क सुरू करताना मोटारींना दिवसाचे ९ डॉलर लावले, पण टॅक्सीला दर फेरीमागे ७५ सेंट आणि ॲपच्या गाडीला दीड डॉलर, तेही प्रवाशाकडून. फेरीमागे आकारणी हीच योग्य. शेअर रिक्षा बसचंच काम करते, तिला सोडा.

‘१०० रुपये’ हा आकडाही आम्ही खोडू. आकडा मोठा की लहान हा वाद नाही, तो गर्दीच्या सगळ्या वेळात सपाट आहे ही अडचण आहे. सिंगापूरने २ जून १९७५ ला जगातली पहिली अशी योजना सुरू केली: काचेवर लावायचा कागदी परवाना, दिवसाला ३ सिंगापुरी डॉलर, वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ. लोक काय करणार? साडेनऊ वाजून एक मिनिटाने झुंबड. काही आठवड्यांतच वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. आणखी एक अंदाज चुकला. सकाळी आत न आलेल्या गाड्या संध्याकाळीही बाहेर पडताना दिसणार नाहीत, असं गृहीत धरलं होतं. पण संध्याकाळची गर्दी म्हणावी तशी ओसरली नाही आणि १९८९ मध्ये संध्याकाळसाठीही परवाना आणावा लागला. १९९८ पासून तिथे कमानींखालून जाताना गाडीतल्या यंत्रातून पैसे कापले जाऊ लागले आणि शुल्काचा दर अर्ध्या-अर्ध्या तासाने बदलू लागला. तरीही दर उतरण्याच्या क्षणाआधी लोक कमानीपाशी गाडी रेंगाळत ठेवायचे, तेव्हा दोन दरांच्या मध्ये पाच मिनिटांची पायरी घातली.

सिंगापूरकडून उचलण्यासारखी मुख्य गोष्ट दर ठरवण्याची रीत आहे. मोठ्या रस्त्यांवर ताशी २० ते ३० किलोमीटर आणि द्रुतगती रस्त्यांवर ४५ ते ६५ हा वेग राखायचा. वेग घसरला की दर वाढतो, सुधारला की उतरतो. तिथे दर राजकारण्याच्या मनावर नसतो, वेगावर असतो. टिपणात रुपयांऐवजी वेग लिहा: ‘अमुक रस्त्यावर सकाळी नऊ ते अकरा बसचा वेग ताशी इतका राहावा, तेवढा दर ठेवा.’ पेठांत दुकानं उशिरा उघडतात, त्यामुळे साडेसात-साडेनऊची नक्कल तर नकोच.

वेस कुठे आखायची? स्टॉकहोमचा मध्यभाग बेटांवर आहे, म्हणून १८ नाक्यांत काम भागलं. पेठांना अर्धी वेस निसर्गाने दिलीय. कोथरूड-डेक्कनकडून येणाऱ्याला मुठा ओलांडावीच लागते आणि पूल मोजके आहेत: म्हात्रे पूल, लकडी पूल, झेड पूल, भिडे पूल, शिवाजी पूल, डेंगळे पूल वगैरे. (खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो आणि त्या दिवशी वेशीचा एक नाका नदीच बंद करते. मोजणीच्या तारखा ठरवताना हे विसरू नका.) दक्षिण आणि पूर्व बाजू मात्र चाळणीसारखी आहे. स्वारगेट-शंकरशेठ रस्त्याकडून आत शिरायला इतक्या गल्ल्या आहेत की चार मोठ्या रस्त्यांवर कॅमेरे लावले तर दुचाक्या वाड्यांच्या बोळांतून जातील आणि बोळांत राहणारे तुमच्या मंचाच्या नावाने बोटं मोडतील. वेस नेहमी अशा रस्त्यावरून आखायची की शुल्क टाळणाऱ्याला बाहेरून वळसा घेता येईल आणि तो वळसा कुणाच्या दारावरून जाणार नाही. तसा रस्ता दक्षिणेला सापडत नसेल तर ते टिपणात स्पष्ट कबूल करा.

फास्टॅगचं सांगायचं तर तो मुख्यतः टोलनाक्याच्या मार्गिकेत, एकामागे एक आणि सावकाश जाणाऱ्या गाड्यांसाठी आहे. लकडी पुलावर अडथळा उभारून प्रत्येक गाडी वाचायची म्हटलं तर जी कोंडी सोडवायची तीच पुलावर तयार होईल. आणि दुचाकींना टोल नसल्यामुळे फास्टॅगही नाही. म्हणजे नंबरपाटी वाचणारे कॅमेरेच लागणार, लंडनसारखे. तिथे अडचण वाचनाची कमी, वसुलीची जास्त. गाडी विकली पण आरटीओत नाव बदललं नाही, पत्ता जुनाच आहे, पाटी वाकलेली किंवा अर्धी झाकलेली आहे: ई-चलानच्या थकबाकीत आज जे दिसतं तेच शुल्काच्या वसुलीत दिसेल. उच्च सुरक्षा पाट्यांचं काम पुरतं झाल्याशिवाय कॅमेऱ्याच्या निविदा काढू नयेत, असं लिहा. लंडनमध्ये सुरुवातीच्या वर्षांत जमा रकमेचा जवळजवळ निम्मा भाग वसुलीची यंत्रणाच खात होती, हेही सांगा.

रोड टॅक्सवाल्यांचा आक्षेप टिंगल करून उडवू नका. तो फक्त पुण्यातला नाही. लंडनमधल्या अनेक वकिलाती हा कर आहे, आम्हाला लागू नाही असं म्हणून पैसेच भरत नाहीत, आणि थकबाकीदारांच्या यादीत अमेरिका-जपानच्या जोडीने आपल्या उच्चायुक्तालयाचं नावही वरच्या रांगेत आहे. उत्तर सरळ आहे. रोड टॅक्स गाडी बाळगण्याचा, ती रात्रभर दारात उभी असली तरी तेवढाच. कोंडीशुल्क सकाळी साडेनऊला लकडी पुलावरची जागा वापरण्याचं, आणि तेच रात्री अकराला शून्य असायला हवं. या फरकाने ते ‘जकाती’पासून वेगळं होतं. तो फरक ठेवला नाही तर तुमच्या विरोधकांचं म्हणणं बरोबर ठरेल.

मुंबईच्या पाच वेशींवरचा टोल बघा. तो उड्डाणपुलांचा खर्च भरून काढायला होता. पहाटे तीनला जेवढा, सकाळी नऊला तेवढाच. गर्दीशी त्याचा संबंध नव्हता आणि पैसे कुठे जातात ते भरणाऱ्याला दिसत नव्हतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना तो माफ झाला तेव्हा बाजू घ्यायला कुणी उभं राहिलं नाही. पुण्यात शुल्क आलंच तर पैसा वेगळ्या खात्यात, फक्त बस आणि पदपथांसाठी, आणि दर तिमाहीला जाहीर, ही अट पहिल्या पानावर हवी. लंडनच्या कायद्यात वाहतुकीवरच खर्च करण्याचं बंधन घातलं होतं.

आणि एक कायदेशीर गोष्ट. वाहनांवरचा कर आणि पथकर हे राज्यांच्या सूचीतले विषय आहेत. महापालिकेला पत्र लिहून कोंडीशुल्क लागणार नाही, विधिमंडळाकडे जावं लागेल. म्हणजे चार-पाच वर्षं सहज धरा. पार्किंगचा दर मात्र महापालिकेच्या हातात आहे, म्हणून टिपणातली पहिली मागणी तीच असावी, असा आमचा सल्ला. पेठांत रस्त्याकडेला फुकट मिळणारी जागा म्हणजे मोटारीने या असं आमंत्रण. महापालिकेचं पार्किंग धोरण २०१८ मध्ये मंजूर झालं आणि रखडलं. ते नव्याने मागताना तासाचा दर चढता मागा (पहिला तास स्वस्त, तिसरा महाग), दुचाकीलाही मागा, आणि त्यातून मोकळी झालेली रस्त्याची कड बसला मागा. ती कड मोकळी ठेवली नाही तर तिथे दुसऱ्या दिवशी गाड्या उभ्या राहतील, फक्त पावती न फाडता.

कोथरूडमधून रोज हिंजवडी-खराडीला जाणाऱ्यांसाठी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची युक्ती जास्त उपयोगी आहे. तिथे एप्रिल २०१२ पासून ११ किंवा जास्त मोटारींची जागा कर्मचाऱ्यांना देणाऱ्या कंपनीकडून दर जागेमागे वार्षिक आकार घेतात आणि पैसा ट्रामच्या विस्तारात गेला. कॅमेरे लागत नाहीत, वेस लागत नाही, जागा मोजल्या की झालं. यालाही राज्याचा कायदा लागेल, पण वसुली कितीतरी सोपी.

कोंडीशुल्काची मागणी करायचीच असेल तर सहा महिन्यांच्या प्रयोगाची करा, आणि लोकांचं मत प्रयोगानंतर घ्यायला सांगा. एडिंबरोने २००५ मध्ये आधी मत विचारलं, ७४ टक्क्यांनी नाही म्हटलं. मँचेस्टरला २००८ मध्ये ७९ टक्क्यांनी. स्टॉकहोमने आधी सात महिने चालवून दाखवलं आणि मग सप्टेंबर २००६ मध्ये विचारलं. सुरुवातीला विरोधात असलेल्या शहराने थोडक्या फरकाने का होईना, हो म्हटलं. प्रयोग संपल्यावर गाड्या पुन्हा आल्या, तेही लोकांनी पाहिलं होतं. आणि कायमचं औषध म्हणून विकू नका. लंडनमध्ये चार-पाच वर्षांत खोळंबा जवळपास पूर्वीइतका झाला. गाड्या कमीच राहिल्या, पण रस्ते खोदाईत गेले आणि काही जागा बस, सायकली, पादचाऱ्यांना दिली गेली. शेवटचं कारण आमच्या मते चांगलंच होतं, पण मोटारवाल्याला ते आधी सांगायला हवं.

टिपण पाठवण्याआधी एक काम मंचाने स्वतः करावं. एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी, सण, लग्नसराई आणि परीक्षा टाळून, सकाळी साडेआठ ते साडेअकरा म्हात्रे पूल आणि लकडी पुलावर चौघेचौघे उभे राहा. दोघांनी पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत मोटार, दुचाकी, रिक्षा, बस अशा रेघा ओढायच्या. एकाने दर दहाव्या वाहनातली माणसं मोजायची. चौथ्याने बसथांब्यावर उभं राहून येणाऱ्या प्रत्येक बसचा क्रमांक, वेळ आणि दारात माणूस लटकतोय की आत जागा आहे, एवढंच लिहायचं. हेच पुढच्या आठवड्यात त्याच वारी पुन्हा. वाहनांचे आकडे अधिकाऱ्यांकडे असू शकतात. माणसांचे आणि चौथ्याने लिहिलेले बहुधा नसतात, म्हणून तो कागद टिपणाला सर्वांत वर लावा.